उताराचा घाट

मराठीत ‘घाट’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. देशावरून कोकणात उतरणारी डोंगरातली वाट हा घाट. नदीच्या पात्राकडे उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या हाही घाट. आणि भांड्याला, दागिन्याला, अखेर कवितेला किंवा कादंबरीला जो आकार लाभतो तोही घाटच. पहिले दोन अर्थ अन्य भारतीय भाषांतही या ना त्या रूपात भेटतात. तिसरा गुजरातीलाही ठाऊक आहे. मराठी समीक्षेने त्याला परिभाषेचा मान दिला. हे तीन शब्द मुळात एक की केवळ उच्चाराने सारखे, याचा निवाडा व्युत्पत्तिकारांनी करावा. परंतु उतारावर इमारत उभी करू पाहणाऱ्या माणसापुढे तिन्ही अर्थ एकदमच येऊन ठाकतात. त्याला वाट राखायची असते, पायऱ्या घालायच्या असतात, आणि या दोहोंतून एक आकृती साधायची असते. ती इमारत बाजाराची असेल तर प्रश्न अधिकच अवघड होतो. देवळाकडे माणूस दम खाऊन चढतो, किल्ल्यावर तर चढण हाच संरक्षणाचा भाग असतो. बाजाराला मात्र कोणी दमून येऊ नये अशी अपेक्षा असते.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराच्या मध्यभागी असलेल्या ‘बुल रिंग’ या बाजाराची कथा हा प्रश्न जितका स्पष्ट करते तितका तो पाठ्यपुस्तकातूनही क्वचितच स्पष्ट होत असेल. एकाच उतारावर, जवळजवळ त्याच जागी, सव्वाआठशेहून अधिक वर्षे बाजार भरत आला. आणि १९६४ पासूनच्या चाळीस वर्षांत तेथे दोन प्रचंड व्यापारसंकुले उभी राहिली. पहिले छत्तीस वर्षांत जमीनदोस्त झाले. दुसरे आजही उभे आहे. दोहोंपुढे जमीन तीच होती, चढणही तीच होती. फरक पडला तो त्या चढणीकडे पाहण्याच्या रीतीत.

बर्मिंगहॅमचा मध्यभाग वालुकाश्माच्या एका लांबट कण्यावर वसलेला आहे. कण्याच्या आग्नेयेस जमीन झपाट्याने खाली जाते आणि रे नावाच्या लहानशा नदीला भिडते. नदीचा उतार ओलांडून वर येणाऱ्या वाटा जेथे एकत्र येत, तेथे चढणीच्या मध्यावर सेंट मार्टिनचे चर्च उभे राहिले आणि चर्चच्या माथ्याकडील बाजूस बाजार पसरला. ११६६ साली राजा दुसरा हेन्री याने पीटर द बर्मिंगहॅम या जहागीरदाराला दर गुरुवारी बाजार भरविण्याची सनद दिली. म्हणजे शहराच्या नावारूपाला येण्यामागे कारखाने नव्हते, खाणी नव्हत्या. होता तो आठवड्याचा बाजार, आणि तोही चढणीवरचा. बैल बांधून त्यांच्यावर कुत्रे सोडण्याच्या क्रूर खेळासाठी जमिनीत लोखंडी कडी होती, तिच्यावरून ‘बुल रिंग’ हे नाव पडले असे सांगतात.

या जुन्या बाजाराला कोणी वास्तुशिल्पी नव्हता. तरीही त्याला एक घाट होता. वरच्या रस्त्याच्या तोंडाशी उभे राहिले की उतार निमुळता होत चर्चच्या मनोऱ्यापाशी संपताना दिसे. मनोऱ्याचे टोक पाहण्यासाठी मान फारशी वर करावी लागत नसे, कारण पाहणारा स्वतःच उंचावर असे. आपल्याकडे देवस्थान बहुधा डोंगरमाथ्यावर असते आणि दुकाने पायऱ्यांच्या कडेने वर चढत जातात. येथे उलट होते. दुकानांच्या रांगा खाली उतरत आणि त्यांच्या तळाशी देऊळ सापडे. विक्रेत्याच्या दृष्टीने या रचनेचा मोठा लाभ होता. उतारावर मांडलेला माल मागच्या रांगेतलाही दिसतो. नाट्यगृहात प्रेक्षकांच्या खुर्च्या ज्या कारणाने चढत्या ठेवतात त्याच कारणाने उतारावरच्या बाजारात पाटी, टोपली आणि हातगाडी लपत नाही. १८०९ साली या उतारावर नेल्सनचा पुतळा बसविण्यात आला, तेव्हा त्याच्या भोवतीही भाजीवाले आणि फुलवाल्या सहज सामावून गेल्या.

१८३५ साली चार्ल्स एज या वास्तुशिल्प्याने आखलेली बंदिस्त मंडई या उतारावर उघडली. तिला डोरिक धाटणीचे भव्य खांब होते. १९४० च्या ऑगस्ट महिन्यात जर्मन बॉम्बहल्ल्यात तिचे छप्पर जळून गेले; भिंती तेवढ्या उरल्या. विक्रेत्यांनी त्या बिनछपराच्या भिंतींच्या आत, उघड्या आकाशाखाली आपले ठेले पुन्हा मांडले आणि पुढची वीस वर्षे ते तेथेच राहिले. इमारत मोडली तरी बाजार मोडला नाही, ही गोष्ट पुढील हकीकत समजून घेताना विसरता येणार नाही.

सपाट जागेवरील इमारतीचा विचार प्रामुख्याने तलविन्यासात होतो. कागदावर खोल्या, वाटा, दारे आखली की निम्मे काम झाले. उतारावर मात्र तलविन्यास फसवा ठरतो. तेथे छेदचित्र हाच खरा आराखडा. इमारत उभी चिरली असता कोणता मजला कोठे जमिनीला टेकतो, हे दाखविणारे चित्र. वरच्या रस्त्याने आत शिरणारा माणूस ज्या मजल्यावर पाऊल ठेवतो, तो खालच्या रस्त्याने येणाऱ्याच्या लेखी पहिला किंवा दुसरा मजला असतो. ‘तळमजला’ हा शब्दच तेथे सापेक्ष होऊन बसतो. व्यापाराच्या दृष्टीने हे वरदान आहे. रस्त्याला लागून असलेला गाळा सर्वांत चांगला चालतो आणि माथ्यावरचा गाळा सर्वांत वाईट, कारण गिऱ्हाईक जिना चढायला नाखूष असते; हा अनुभव जगातल्या सर्व बाजारांचा आहे. उतारावर दोन मजल्यांना, कौशल्य असेल तर तिहींना, रस्त्याचा शेजार देता येतो.

या वरदानाची किंमत अमेरिकेत आधी ओळखली गेली. व्हिएन्नाहून १९३८ साली परागंदा झालेला वास्तुशिल्पी व्हिक्टर ग्रुएन याने मिनिआपोलिसजवळ ‘साउथडेल’ हे संपूर्ण आच्छादित, वातानुकूलित खरेदी-केंद्र १९५६ साली उभे केले. त्यात दुकानांचे दोन मजले होते, आणि मोटारी उभ्या करण्याची जागाही दोन पातळ्यांवर ठेवलेली होती, जेणेकरून निम्मी गिऱ्हाइके वरच्या मजल्यावर सरळ चालत यावीत आणि निम्मी खालच्या. उतारावर जे आपोआप मिळते ते तेथे योजून मिळवावे लागले. बर्मिंगहॅमला ते जमिनीनेच दिलेले होते. १९५० नंतरच्या दशकात या शहराने अमेरिकन खरेदी-केंद्राचा आदर्श स्वीकारला तेव्हा हा निसर्गदत्त उतार त्याच्या हाती आयताच होता. त्याने त्याचे काय केले?

शहराचे प्रमुख अभियंते हर्बर्ट मँझोनी यांनी मध्यभागाभोवती मोटारींसाठी एक रुंद वर्तुळमार्ग आखला होता. तो नेमका बुल रिंगच्या उतारातून आडवा गेला. मोटारीला चढण नको, वळण नको, थांबणे नको. म्हणून रस्त्याची पातळी मोटारीच्या सोयीने ठरली आणि उरलेल्या जागेत बाजार बसविला गेला. २३ एकरांच्या परिसरावर, सुमारे ८० लक्ष पौंड खर्चून, जवळजवळ १४० दुकानांचे नवे बुल रिंग केंद्र उभे राहिले आणि २९ मे १९६४ रोजी एडिनबरोच्या ड्यूकच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यात १९ सरकते जिने आणि ४० उद्वाहने होती. त्या काळी हे आकडे अभिमानाने सांगितले गेले. आज ते वाचताना वेगळेच जाणवते. जो उतार पायांनी, काही मिनिटांत, गप्पा मारीत उतरता येत होता, त्याची परतफेड एवढ्या यंत्रांनी करावी लागली.

पायी चालणाऱ्याच्या वाट्याला भुयारी मार्ग आले. वरच्या पेठेतून चर्चकडे जायचे तर आधी रस्त्याखाली उतरावे, अंधाऱ्या बोगद्यातून दिशा हरवीत जावे आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा पायऱ्या चढाव्यात. उघड्यावरचा बाजार रस्त्याच्या पातळीच्या खाली, एखाद्या हौदात ठेवावा तसा राहिला. तो वरून दिसत असे, पण सरळ गाठता येत नसे. चर्चही होते तेथेच होते. परंतु त्याच्याकडे नेणारा उतार उरला नव्हता. चढणारी व उतरणारी पावले आणि दूरवर जाणारी नजर यांचा शेकडो वर्षांचा मेळ या रचनेने तोडला. नजर जाई तेथे पाऊल जाईना आणि पाऊल जाई तेथून काही दिसेना.

या केंद्राची पुढे फार निंदा झाली. काँक्रीटचा रंग, पावसाने पडलेले डाग, गळके कोपरे, यांवर लोकांनी राग काढला. वस्तुतः रंग आणि डाग हे दुय्यम होते. याच केंद्राच्या माथ्यावर जेम्स रॉबर्ट्‌स यांनी १९६५ साली बांधलेला ‘रोटंडा’ हा वर्तुळाकार मनोरा त्याच काळाचा आणि त्याच मनोवृत्तीचा. तरी त्यावर लोकांनी जीव लावला, २००० साली त्याला संरक्षित वास्तूंच्या यादीत स्थान मिळाले आणि पुढे त्यात निवासी सदनिका झाल्या. लोकांचे वैर आधुनिकतेशी नव्हते. हातात पिशव्या घेऊन, मुलाला कडेवर मारून, पावसात, बोगद्याच्या पायऱ्यांसमोर थबकलेल्या बाईचे वैर त्या पायऱ्यांशी होते. ती बाई आराखड्यात कोठेच नव्हती. आराखड्यात मोटार होती, आणि मोटारीतून उतरल्यावर सरकत्या जिन्यावर उभे राहणारे एक निराकार गिऱ्हाईक होते.

२००० साली ते केंद्र पाडण्यास प्रारंभ झाला आणि ४ सप्टेंबर २००३ रोजी त्याच जागी नवे ‘बुलरिंग’ उघडले. बिनॉय या वास्तुशिल्प-संस्थेने आखलेल्या या रचनेचे मर्म एका साध्या निर्णयात आहे. एकच महाकाय इमारत बांधण्याऐवजी उताराच्या दोन बाजूंना दोन भाग ठेवले आणि त्यांच्या मधून एक खुली, पायी चालण्याची वाट सेंट मार्टिनकडे सोडली. मोटारींचा रस्ता खाली गेला, माणूस वर आला. वरच्या पेठेतून येणारा आता नेल्सनच्या पुतळ्यापाशी थांबतो आणि त्याला मनोऱ्याचे टोक आपल्या डोळ्यांच्या उंचीवर दिसते, जसे दोनशे वर्षांपूर्वी दिसे. पायऱ्या आहेत, उतरत्या फरसबंद वाटा आहेत, मध्ये टेकायला जागा आहे. दुकानांचे मजले दोन्ही टोकांना निरनिराळ्या पातळ्यांवर रस्त्याला लागतात, आणि आत शिरलेल्या माणसाला आपण मजला बदलला हे कित्येकदा बाहेर आल्यावरच उमगते.

चर्चच्या कुशीलाच ‘सेल्फ्रिजेस’ या दुकानाची वास्तू आहे. यान काप्लित्स्की आणि अमांडा लेव्हीट यांच्या ‘फ्यूचर सिस्टिम्स’ने ती आखली. निळ्या, फुगीर अंगावर अॅल्युमिनियमच्या सुमारे १५,००० चकत्या जडविल्या आहेत. तिला कोपरा नाही, दर्शनी भाग नाही आणि खिडक्याही जवळजवळ नाहीत. तिच्याविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. मात्र उताराच्या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर लक्षणीय आहे. चौकोनी इमारत उतारावर उभी केली की तिच्या पायाशी एक तिरपी रेघ उमटते आणि जमीन चुकली आहे असे वाटते. फुगीर, वळणदार वास्तूला असा पाया दिसत नाही. ती उतारावर घरंगळत येऊन विसावल्यासारखी भासते. टोकदार गॉथिक मनोरा आणि ही चकत्यांची गोलाई परस्परांचे अनुकरण करीत नाहीत, म्हणूनच बहुधा ती एकमेकांना सोसतात.

येथे ही कथा संपवली असती तर ती सुखान्त ठरली असती: चुकलेला आराखडा, प्रायश्चित्त आणि पुनःस्थापना. परंतु उतारावर आणखी एक घटक आहे, आणि तो या सर्वांहून जुना आहे. ज्याला सनद मिळाली तो बाजार, म्हणजे भाजी, मासळी, कापड आणि जुने कपडे विकणाऱ्यांचा बाजार, आज नव्या संकुलाच्या आत नाही. तो चर्चच्या पलीकडे, एजबॅस्टन स्ट्रीटच्या बाजूला, उताराच्या तळाशी आहे. तेथे भाजी फळे वाडग्यांत रचून ठेवतात आणि वाडग्याला एक दर सांगतात. कोकणातल्या मासळीबाजारात वाटा लावून विकण्याची जी रीत आहे तिची ही सख्खी बहीण. त्या वाडग्यांत कोथिंबीर असते, मेथी असते, भेंडी आणि कारलीही असतात, कारण विकणारे आणि घेणारे यांतले कितीतरी जण पंजाब, गुजरात, मीरपूर येथून आलेल्या कुटुंबांतले आहेत. दर पुकारला जातो तो बर्मिंगहॅमच्या इंग्रजीत, भाव ठरविताना मधेच पंजाबी येते आणि हिशेब पुन्हा इंग्रजीत मिटतो.

उतार माणसांना न बोलता वेगळे करतो. माथ्यावर काच आणि चकत्या, पायथ्याला ताडपत्री आणि वाडगी. या विभागणीचा हुकूम कोणी काढलेला नाही. भाड्याच्या दराने तो आपोआप अमलात आला. किंबहुना बाजाराचा गेल्या साठ वर्षांचा प्रवास पाहिला तर तो सतत खालीच सरकलेला दिसतो. घाऊक बाजार तर २०१८ साली शहराच्या मध्यातून उठून विटन भागात गेला, आणि त्याने रिकाम्या केलेल्या जमिनीवर स्मिथफील्ड या नावाने नवी वसाहत उभारून किरकोळ विक्रेत्यांनाही तेथे नेण्याची योजना आखली गेली आहे. नव्या जागेत त्यांना चांगले छप्पर मिळेल, स्वच्छता मिळेल. त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ती जागा उताराच्या आणखी खाली आहे. वरच्या पेठेत नोकरी करणारी, संध्याकाळी घरी जाताना दोन वाडगी भाजी घेणारी बाई तेवढे खाली उतरेल काय, आणि उतरली तर भरल्या पिशव्यांनिशी परत चढेल काय, हा प्रश्न छेदचित्राने सोडवायचा आहे.

म्हणून उतारावरील बाजाराची कसोटी त्याच्या दर्शनी भागावर लागत नाही. ती लागते दोन गोष्टींवर. निरनिराळ्या पातळ्यांवरून येणाऱ्यांना आपापल्या पातळीवर दार मिळते काय, ही पहिली. त्या पातळ्यांना जोडणारी वाट उघडी, दिसती आणि चालण्याजोगी आहे काय, ही दुसरी. १९६४ च्या रचनेने पहिली अट यंत्रांच्या साहाय्याने पुरी केली आणि दुसरी बोगद्यात घालविली. २००३ च्या रचनेने दुसरी पुन्हा मिळविली. मात्र सर्वांत खालच्या पातळीवरच्यांना तिने दार नेमके कोठे दिले, याचे उत्तर अद्याप अपुरे आहे.

भारतीय साहित्यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्यांना या दोन अटी परक्या वाटू नयेत. अनेक भाषांचे साहित्य एका छपराखाली आणू पाहणारा इतिहासकारही उतारावरच बांधकाम करीत असतो. कोणत्या भाषेत लिखित वाङ्मय आधी आले, कोणत्या भाषेत छापखाना आधी पोहोचला, कोणाला राजाश्रय होता, कोणाला नव्हता. या पातळ्या वेगवेगळ्या आहेत आणि त्या सपाट करू गेल्यास कोणाचा तरी डोंगर फोडावा लागतो, कोणाची तरी दरी बुजवावी लागते. एका भाषेची पातळी हाच सर्वांचा तळमजला असे धरले, की बाकीच्या भाषा आपोआप माळ्यावर तरी जातात किंवा तळघरात तरी. याउलट प्रत्येक भाषेला तिच्या रस्त्यावर दार ठेवून, मधली वाट उघडी राखून रचना करणे कष्टाचे आहे. भाषांतर ही ती मधली वाट. ते बोगद्यासारखे झाले, म्हणजे एका टोकाला शिरावे आणि दुसऱ्या टोकाला निघावे, मध्ये आपण किती उतरलो वा चढलो याचा पत्ताच लागू नये असे झाले, तर सोय होते खरी. पण उतार हरवतो. आणि दोन भाषांमध्ये जे समजून घ्यायचे असते ते बहुतेक त्या उतारातच असते.

जमिनीचा उतार ही उणीव आहे असे समजून बांधलेली इमारत छत्तीस वर्षांत गेली. तिच्यापूर्वीची मंडई बॉम्बने जळाली, तरी तिच्या भिंतींच्या आत विक्रेते वीस वर्षे टिकले, कारण ते जेथे उभे होते तेथून वाट जात होती.

हिवाळ्यात त्या शहरात लवकर अंधारते. खालच्या बाजारात दर उतरू लागतात, उरलेली वाडगी स्वस्तात जातात, ताडपत्र्या सोडल्या जातात. वरच्या दुकानांतले दिवे चकत्यांवर पडतात आणि सेंट मार्टिनचा मनोरा मधोमध काळा होत जातो. पिशव्या घेतलेली माणसे उतार चढू लागतात. चढण फार मोठी नाही. पण ओझे असले की ती मोठी होते. मध्यावर, जेथे पायरी थोडी रुंद ठेवलेली आहे, तेथे त्यांतली बहुतेक जण पिशव्या क्षणभर खाली ठेवतात, हात बदलतात आणि मागे वळून एकदा खाली पाहतात. ती रुंद पायरी कोणीतरी आखलेली असते.